सकाळचा फलक

कोरेगाव,
२० जून १९९९

चि. ज्ञानदा,

आशीर्वाद आहेतच, पण आज ते रागाच्या पाकिटात घालून पाठवतोय.

सापाची लस माझ्या फ्रीजमध्ये संपलेली असते, दुसऱ्या कुणाच्या फ्रीजमध्ये पडून असते, आणि ती कुठे आहे हे कळेपर्यंत माणूस हातचा जातो. ही माझी रड तू गेल्या दिवाळीत ऐकलीस आणि मनावर घेतलीस. कुठल्या दवाखान्यात किती बाटल्या आहेत ते दाखवणारा फलक तू सांगलीत तुझ्या कॉलेजच्या सर्व्हरवर मांडलास. साताऱ्याच्या धर्मादाय रुग्णालयापासून तुमच्या सांगलीपर्यंत सगळ्यांना आपापला आकडा त्यात भरायला लावलास. मामाला जुना का होईना, कॉम्प्युटर दिलास. याबद्दल तुझं कौतुक माझं आख्ख्या कोरेगावात करून झालंय, तेव्हा आता तक्रार करायचा मला हक्क आहे.

तो फलक बघायचा म्हणजे केवढा सोहळा! आधी मोडेमने सांगलीला फोन लावायचा. तो किंचाळतो, थांबतो, पुन्हा किंचाळतो. लागला तर नशीब. मग नेटस्केप उघडायचं आणि वरच्या पट्टीत इंग्रजी पत्ता टाइप करायचा. आमच्या हरणाबाई सिस्टरांनी निम्म्या तालुक्याची बाळंतपणं केलीत, पण माउस हातात आला की त्यांना घाम फुटतो. परवा त्यांनी मागे जायचं बटण दाबलं आणि फलकच नाहीसा झाला. मला म्हणाल्या, "आवं डॉक्टर, ह्ये आपल्या डब्यात हाय का भाईर हाय, त्येच कळंना झालंय. कवा दिसतंय, कवा न्हाई."

आणि तो मोडेम बसतो फोन अडवून. दवाखान्यात लाइन एकच. लोणंदचा एक जण सकाळभर फोन लावत होता, त्याला आपलं एंगेज.

मला हा फलक भिंतीवरच्या घड्याळासारखा हवा आहे. मान वर केली, दिसलं, संपलं. जमत असेल तर कर, नाहीतर हे धूड परत घेऊन जा. हरणाबाई आजवर पेशंट हलवायच्या आधी चार ठिकाणी फोन करून विचारत होत्याच, पुढेही विचारतील.

तुझी मामी विचारते, सुट्टीला येणार की नाही.

मधुमामा

*

सांगली,
२९ जून १९९९

ती. मधुमामांना,

नमस्कार. वाकून करते, पण तुम्ही चिडला आहात म्हणून जरा लांबूनच.

हरणाबाईंना म्हणावं, तुमच्या एका प्रश्नावर आमच्या धंद्यातली मोठमोठी माणसं सध्या भांडतायत. फलक बाहेरच आहे, सांगलीत. तुमच्या कॉम्प्युटरवर तो नुसता दिसतो. पण तो आत आहे की बाहेर, हे बघणाऱ्याला कशाला कळायला हवं? नळाला पाणी आलं की आपण धरणाची चौकशी करत नाही.

तुमच्याकडे लिनक्स आहे त्याचा हाच फायदा. ते उघडून हवं तसं बदलता येतं. मी असं करते. पडद्यावर बाकीच्या चित्रांच्या रांगेत सापाचं एक चित्र ठेवते. त्यावर क्लिक केलं की फलक स्वतःच्या चौकटीत उघडेल. पत्त्याची पट्टी नाही, मागे-पुढेची बटणं नाहीत, नेटस्केपचं नावसुद्धा कुठे दिसणार नाही. मराठी अक्षरं तुमच्याकडे नीट उमटत नाहीत, म्हणून गावांची नावं आणि आकडे चित्र करूनच पाठवीन. हरणाबाईंना वाटेल की हा कॉम्प्युटरातलाच एक प्रोग्राम आहे, घड्याळासारखा.

फोनचंही सुचलंय. कॉम्प्युटर सकाळी एकदा आणि संध्याकाळी एकदा आपणहून सांगलीला फोन लावून फलक उतरवून घेईल आणि जवळ ठेवील. मधल्या वेळात तुम्ही सापावर क्लिक केलंत की तो ठेवलेला फलक दिसेल. लाइन दिवसभर मोकळी. चौकटीच्या तळाला एक बारीक ओळ असेल, फलक कधी उतरवला त्याची तारीख आणि वेळ. ती बघत जा. आणि पेशंट हलवण्याआधी फोन करायची हरणाबाईंची पद्धत मोडू नका.

आई ब्लाउज शिवते तेव्हा जोड कुठे आहे हे उलटा केल्याशिवाय कळत नाही. मला तसं काम करायचंय, मामा. कॉलेजात मी नुसती लॅब सांभाळणारी आहे, मास्तर लोक माझ्याकडे प्रिंटरचा कागद अडकला की येतात. हे काम माझं स्वतःचं आहे.

पुढच्या शनिवारी येते. मामींना सांगा, थालीपीठ.

ज्ञानदा

*

कोरेगाव,
१ ऑगस्ट १९९९

चि. ज्ञानदा,

मागच्या पत्रातला सगळा राग परत घेतो. पोरी, तू कमाल केलीस.

तू येऊन गेल्यापासून आमचा दवाखानाच बदलला. हरणाबाई आता सकाळी देवाला फूल वाहतात आणि मग सापाच्या चित्रावर क्लिक करतात. सातारा इतक्या, लोणंद इतक्या, सांगली इतक्या, असं मोठ्यांदा वाचतात. पेशंट हलवायचा असला की कुणी फोनला हातसुद्धा लावत नाही. पडद्यावर बघायचं, चिठ्ठी लिहायची, जीप सोडायची. गेल्या आठवड्यात दोघांना असं पाठवलं, दोघेही बरे होऊन घरी गेले. तालुक्यातले बाकीचे डॉक्टर येऊन बघून जातात आणि जळतात. लोणंदच्या डॉक्टरांनी तर माझ्यामार्फत वशिला लावलाय, त्यांच्याकडेही असाच साप बसवून दे.

एक काम कर. ती तळाची बारीक ओळ काढून टाक. पेशंटचे नातेवाईक पडद्यात डोकं खुपसतात आणि ती वाचतात. मग सुरू होतं, "डॉक्टर, ह्यी तर सकाळची येळ हाय, आता दुपार झाली की." मी विषाचं बघू की त्यांना मोडेम समजावत बसू? शिवाय त्या ओळीमुळे खालच्या गावाचं नाव अर्धं कापलं जातं. घड्याळाखाली कुणी लिहितं का, की याला किल्ली कधी दिली?

मामीने तुझ्यासाठी मेतकूट ठेवलंय. कुणी येणारं-जाणारं असेल तर कळव.

मधुमामा

*

सांगली,
९ ऑगस्ट १९९९

ती. मधुमामांना नमस्कार,

तुमचं पत्र मी लॅबमध्ये तीनदा वाचलं. कुणी माझं इतकं कौतुक केल्याचं आठवत नाही, आणि तुम्ही तर मुळीच करत नाही.

खरं सांगू, ती ओळ मलाही खुपत होती. सगळं इतकं सफाईदार झालेलं आणि तळाला ती इंग्रजी आकड्यांची शेपटी. तीच एक जागा होती जिथे जोड दिसत होता. कृष्णात, आमच्या लॅबचा शिपाई, त्याची सासुरवाडी तुमच्याकडे आहे. त्याच्याबरोबर फ्लॉपी पाठवतेय. ती घालून 'बदल' नावाच्या चित्रावर क्लिक करा, ओळ जाईल. मेतकूट त्याच्याकडेच द्या.

लोणंदला पुढच्या महिन्यात जाऊन साप बसवून येते. ओळ नसलेला.

ज्ञानदा

*

सांगली,
२० ऑक्टोबर १९९९

ती. मधुमामांना नमस्कार,

काल दसरा झाला. सोन्याबरोबर तुमचं पत्र येतं ते आलं नाही. दवाखान्यात फोन केला तर हरणाबाईंनी उचलला आणि "डॉक्टर कामात हायती" म्हणून ठेवला. त्या कधी इतकं कमी बोलत नाहीत.

इथे कॉलेजात बोललं जातंय की कोरेगावकडचा एक जवान, सुट्टीवर आलेला, घोणस चावून आमच्या मोठ्या हॉस्पिटलात पडलाय. मूत्रपिंडं बंद पडलीत, डायलिसिसवर आहे. त्याला आधी साताऱ्याला नेलं होतं आणि तिथे लस नव्हती म्हणे.

मी सर्व्हरवरच्या नोंदी काढून बघितल्या. साताऱ्याच्या रुग्णालयाने त्या दिवशी जेवणाच्या वेळेच्या पुष्कळ आधी आपला आकडा शून्य केला होता. त्यांच्याकडे सकाळी ओळीने पेशंट आले आणि साठा संपला. त्यांनी लगेच भरलं. म्हणजे फलक बरोबर होता, मामा. सांगलीसमोर भरपूर बाटल्या दिसत होत्या. मग तुम्ही त्याला साताऱ्याला कसा पाठवलात? हरणाबाईंनी साताऱ्याची ओळ चुकीची वाचली का? की चिठ्ठी सवयीने लिहिली गेली?

माझ्या कामात चूक नाही हे मला नोंदींवरून दिसतंय, तरी चैन पडत नाही. उलट टपाली लिहा.

ज्ञानदा

*

कोरेगाव,
२६ ऑक्टोबर १९९९

चि. ज्ञानदा,

हरणाबाईंनी साताऱ्याची ओळ बरोबर वाचली. मीही वाचली. सातारा, दहा. पडद्यावर तेच होतं.

तुझा सर्व्हर खरं बोलत होता आणि माझा पडदा सकाळचं सांगत होता. तू मला चूक कुणी वाचली ते विचारतेस. कुणीच नाही.

आता सगळं सांगतो. पोराचं नाव ऋषिराज. आमच्या शेजारच्या वाडीतल्या केरबा हवालदारांचा मुलगा. उन्हाळाभर वर बर्फात लढाईत होता, केसालाही धक्का न लागता परत आला. सुट्टीत वडलांना मदत म्हणून उसाला पाणी पाजायला गेला. सरीत हात घातला आणि घोणशीने डसलं. दुपारी जीपमधून आणला तेव्हा मनगट सुजून तट्ट झालेलं, पण शुद्धीवर होता. मला म्हणाला, "डॉक्टर, सोमवारी गाडी हाय माझी. तवर उठवा." केरबा एका बाजूला भिंतीला टेकून उभे. हवालदारकी सोडून जमाना झाला तरी एरवी माणूस सावधान उभा राहतो.

माझ्या फ्रीजमधली लस आठवड्यापूर्वीच संपली होती. हरणाबाईंनी सापावर क्लिक केलं. "सातारला धा हायत की." मी मान वळवून पाहिलं आणि चिठ्ठी लिहिली. माझ्या हाताने. टेबलावर फोन होता, लाइन मोकळी होती. ती मोकळी राहावी म्हणून तर आपण सगळा खटाटोप केला होता. कुणीही रिसीव्हर उचलला नाही.

साताऱ्याला पोचले तर लस नाही. तिथल्या डॉक्टरांनी त्यांच्याकडचा फलक बघितला. तो त्यांच्याकडे थेट दिसतो, जुन्या पद्धतीने, पट्टी आणि बटणांसकट. त्यांना सांगली दिसली आणि त्यांनी तिकडे काढून दिलं. जवळची वाट सोडून पोरगं आधी साताऱ्याला गेलं आणि मग सबंध खाली सांगलीला आलं. मी सरळ रहिमतपूरवरून सांगलीला पाठवला असता तर दुपार मावळायच्या आत लस मिळाली असती. मिळाली तेव्हा लघवी बंद झाली होती.

ती ओळ मी काढायला लावली. हे मला माहीत आहे, तू आठवण करून द्यायची गरज नाही.

पण आता जे सांगतो ते मामा म्हणून नाही, डॉक्टर म्हणून सांगतो. हे कुणापाशी बोलू नकोस. साप चावला की आधी देवरुश्याकडे जायचं, ही चाल मोडायला मला अर्धं आयुष्य लागलं. आत्ता कुठे माणसं सरळ दवाखान्यात येतात. डॉक्टरचा डबा खोटं बोलतो हे एकदा वाडीत पसरलं की ती पुन्हा अंगारा लावून घेतील आणि मरतील. केरबांना वाटतं की साताऱ्यात दुर्दैवाने साठा संपला. ते तसंच राहू दे. झालेलं परत येत नाही, पण पुढची माणसं वाचवायची आहेत.

हरणाबाई काल रडल्या. म्हणाल्या, "पयलं फोन करत हुतो तवा बरं हुतं." मी त्यांच्यावर ओरडलो. त्यांच्यावर ओरडायला नको होतं.

मधुमामा

*

सांगली,
१५ नोव्हेंबर १९९९

ती. मधुमामांना,

तुमच्या पत्राला इतके दिवस उत्तर दिलं नाही, कारण मी रोज हॉस्पिटलात जात होते. तुम्हाला सांगितलं असतं तर तुम्ही थांबवलं असतं.

पहिल्या दिवशी नुसतं बघून यावं म्हणून गेले. केरबाकाका वॉर्डाबाहेरच्या बाकावर बसले होते. मी कोरेगावच्या डॉक्टरांची भाची, इथे कॉलेजात असते, एवढंच सांगितलं. ते उठून उभे राहिले आणि त्यांनी मला हात जोडले. म्हणाले, "तुमच्या मामाच्या त्या डब्यानं पोराला वाट दावली बगा. सातारच्या डॉक्टरनं डब्यात बगून सांगलीचं नाव काडलं, न्हाईतर आमी हिंडतच बसलो असतो."  तुमचं पत्र माझ्या पर्समध्ये होतं.

मग रोजच जायला लागले. जेवणाचा डबा नेत होते, औषधं आणून देत होते. ऋषिराजला मळमळ फार होते, पण शुद्ध चांगली आहे. एकदा त्याने मला विचारलं, "ताई, ह्या हातानं ट्रिगर वढता येईल का?" मनगटाचं मांस काढावं लागलंय, बोटं वळत नाहीत. डॉक्टर म्हणतात, बघू. लक्ष्मीपूजनाला काकांनी वॉर्डाच्या खिडकीत एक पणती लावली, सिस्टरने विझवायला सांगितली. ते बघवलं नाही.

गेल्या आठवड्यात काका म्हणाले, "आमच्या वाडीच्या डेअरीत कांपूटर आलाय. तुमच्या मामाला सांगून त्यो साप तितं बशवा. म्हंजे डॉक्टरकडं यायच्या आदीच आमास्नी कळंल कुटं जायाचं. पैकं आमी गोळा करतो." वाडीतल्या चार जणांशी ते बोलूनही आले होते. मामा, मी तोवर कसं तरी धरून ठेवलं होतं. पण हे मी हो म्हटलं असतं तर पुढचा ऋषिराज मी स्वतः जाऊन पेरला असता, आणि नाही म्हटलं असतं तर कारण काय सांगणार होते?

मी त्यांना बाकावर बसवलं आणि सगळं सांगितलं. साप कुणी केला, फलक सकाळी उतरवून ठेवला जायचा, वेळेची ओळ होती आणि ती आम्ही काढली. तुमचं नाव घेतलं नाही, "आम्ही" म्हटलं. पण ते समजले.

 मग म्हणाले, "म्हंजे डब्यात शिळं दिसत हुतं."

"हो."

"आन् शिळं हाय ह्ये बगणाऱ्याला कळणार कसं हुतं?"

"कळणार नव्हतं, काका. कळू नये असंच मी ते बनवलं होतं."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. ओरडले असते तर बरं वाटलं असतं. खांद्यावरचा टॉवेल झटकला, नीट घडी घातली आणि म्हणाले, "उद्यापासनं येऊ नगा." मी जेवणाचा डबा उचलायला वाकले तर म्हणाले, "त्यो ऱ्हाऊ द्या. मी धुऊन पाटवतो."

मला माफ करा असं लिहिणार नाही. तुम्ही जे म्हणता ते खरंही असेल, माणसं देवरुश्याकडे जातील. पण त्या माणसाचे जोडलेले हात मला घेता येईनात.

ज्ञानदा

*

कोरेगाव,
२३ नोव्हेंबर १९९९

ज्ञानदा,

तुझं मन हलकं झालं असेल. माझ्या दवाखान्याचा ओटाही हलका झालाय. वाडीतलं कुणी फिरकत नाही. खोकल्याच्या बाटलीलाही सरळ साताऱ्याची एसटी धरतात. परवा वाडीतल्या एका म्हातारीला विंचू चावला, तिला देवरुश्याकडे नेलं. विंचू होता म्हणून वाचली. साप असता तर तिचं मरण कुणाच्या खात्यावर मांडायचं, ते तूच सांग.

खरं बोलणं सोपं असतं, ज्याला तिथे राहायचं नसतं त्याला. तू सांगलीत बसून खरं बोललीस. मला इथे रस्त्याने चालावं लागतं.

पडद्यावरचा साप मी पुसायला गेलो तर पुसता येईना. ये आणि काढून टाक.

मधुकर

*

सांगली,
६ डिसेंबर १९९९

ती. मामांना नमस्कार,

तुम्ही खाली नुसतं मधुकर लिहिलंत. त्याचं मला फार लागलं. तरी तुमचा राग खोटा आहे असं मी म्हणणार नाही.

गेल्या रविवारी येऊन साप काढून गेले तेव्हा तुम्ही घरी नव्हता. मामी म्हणाल्या, मुद्दाम गेलात. लोणंदचाही काढला. दोन्हीकडे आता फलक सांगलीशी फोन जोडलेला असेल तेव्हाच दिसेल. फोन सुटला की चौकट कोरी. वर पट्टी आहे, बटणं आहेत, आणि वेळ सगळ्यात मोठ्या अक्षरांत, मराठीत. दिसायला अगदी गबाळं आहे. हरणाबाईंना दाखवलं. त्या म्हणाल्या, "भाईरचं हाय ह्ये आता आंधळ्यालाबी कळंल." मामींनी त्यांना चहा दिला आणि मला दोन गोष्टी ऐकवल्या.

ऋषिराजची लघवी सुरू झाली. डायलिसिस थांबवलंय. बुधवारी त्याला सोडलं, मी लांबून बघितलं. बोटं अजून वळत नाहीत. पलटणीत परत घेतील की नाही ते त्यांचं मेडिकल बोर्ड ठरवेल. काकांनी माझा डबा कृष्णातच्या हाती पाठवला. घासून लख्ख केला होता आणि आत काही नव्हतं. आपल्याकडे रिकामा डबा परत देत नाहीत, चिमूटभर साखर तरी घालतात. ते मुद्दाम होतं, मामा, आणि ते बरोबर होतं.

ज्ञानदा

*

कोरेगाव,
१९ डिसेंबर १९९९

चि. ज्ञानदा,

मागच्या पत्रात मी फार लागेल असं लिहिलं. या आठवड्यात जे झालं ते दुसऱ्या कुणाला सांगण्याआधी तुला लिहितोय.

मंगळवारी सकाळी बाहेर टेम्पो थांबला. केरबा हवालदार उतरले. मला वाटलं, हिशेब चुकता करायला आले. पण मागे त्यांच्या भावकीतली मनुबाई होती, गवत कापताना पायाला साप चावलेला. त्यांनी तिला स्वतः उचलून आत आणलं आणि टेबलावर ठेवलं. बसा म्हटलं तर बसले नाहीत. माझ्या खुर्चीमागे येऊन उभे राहिले.

माझ्याकडे दोनच बाटल्या होत्या. त्या लावल्या. पुढच्यासाठी हरणाबाईंनी फोन जोडून फलक उघडला. साताऱ्यासमोर आठ. मी चिठ्ठी ओढली तसा मागून आवाज आला, "कवाचा हाय ह्यो आकडा?"

मी वेळ दाखवली. ती आत्ताची होती. तरी ते म्हणाले, "इचारा." मी मोडेम सोडवून साताऱ्याला फोन लावला, तिथल्या सिस्टरने आठ सांगितलं. केरबांनी रिसीव्हर माझ्या हातातून घेतला. "पुन्ना सांगा. फ्रीज उगडून, मोजून सांगा." ते थांबले. तिकडे फ्रीज उघडला गेला असावा. मग म्हणाले, "त्या बाजूला काडून ठेवा. आमी निगालो," आणि फोन ठेवला. माझ्या आयुष्यात माझ्या दवाखान्यात मला कुणी असं वागवलेलं नाही. 

मनुबाईला टेम्पोत चढवताना माझ्याच्याने राहवलं नाही. म्हटलं, "हवालदार, माझ्यावर भरवसा ठेवून आणलंत, उपकार झाले."

ते टेम्पोच्या पायरीवर थांबले. म्हणाले, "भरवसा न्हाई म्हून मी सोता आलो, डॉक्टर. भरवसा असता तर हिला पोरांसंगं लावून दिली असती, आन् घरी बसून ऱ्हायलो असतो. मागल्या खेपंला भरवशावरच उबा हुतो न्हवं का मी, भितीला टेकून."

ज्ञानदा, मी तुला गप्प बस म्हणालो होतो. तू गप्प बसली असतीस तर ते मंगळवारीही भिंतीला टेकूनच उभे राहिले असते.

मनुबाई काल घरी गेली. ऋषिराज डाव्या हाताने जेवायला शिकतोय. केरबा रस्त्यात दिसले तर अजून तोंड फिरवतात, आणि मी त्यांना नमस्कार करतो.

तुझा मामा